कॉम्प्युटर इंजिनिअरिंग: कॉलेजचं नाव बघू, फी बघू की शिष्यवृत्ती?

बार्शीकर
नमस्कार मंडळी. मुलाची सीईटी झाली, ९८ च्या थोडं वर पर्सेंटाइल आहे, ओपनमधून. कॅपचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाचा, ऑप्शन फॉर्म भरायची तारीख तोंडावर आलीय आणि घरात रोज रात्री जेवणं झाली की हाच विषय. गेल्या वर्षीचे कटऑफ लावून बघितले तर चार वाटा दिसतात.

अ) सीओईपी, पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, पण शाखा मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र.
ब) पुण्यातलं नाव असलेलं खासगी कॉलेज, कॉम्प्युटर. ट्यूशन फी वर्षाला १ लाख ४० हजार, डेव्हलपमेंट वगैरे धरून १ लाख ६० हजार.
क) पुण्यातलंच एक मध्यम कॉलेज, कॉम्प्युटर, पण टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे फी माफीच्या सीटवर. ट्यूशन फी माफ, वर्षाला २० हजारांत भागेल.
ड) एक खासगी विद्यापीठ. त्यांची स्वतःची परीक्षा दिली होती. आता 'मेरिट स्कॉलरशिप' म्हणून ५० टक्के सूट देतायत. मूळ फी ४ लाख, म्हणजे २ लाख पडेल. रोज फोन येतो, 'सर, सीट ब्लॉक करून टाका'.

माझं शेती अवजारांचं दुकान आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत. धाकटी दहावीत. मेव्हणे म्हणतात सीओईपी मिळत असेल तर शाखा बघायचीच नाही. मुलगा कॉम्प्युटरशिवाय काही ऐकत नाही. माझा जीव ब आणि क मध्ये अडकलाय. चार वर्षांत साडेपाच लाखांचा फरक पडतो, तो नुसत्या नावासाठी मोजावा का? अनुभव असलेल्यांनी लिहा.

तळजाई
ड आधी खोडा. दोन कारणं. एक म्हणजे खासगी विद्यापीठ कॅपमध्ये नसतं, त्यामुळे राज्य सरकारची फी सवलत तिथं लागू होत नाही. दुसरं म्हणजे ती ५० टक्के सूट चारही वर्षं आहे का, हे पत्रात वाचा. माझ्या भाच्याला अशीच मिळाली होती. दुसऱ्या वर्षी सीजीपीए ८.५ च्या खाली गेला आणि सूट बंद. मग पूर्ण फी. तोवर दुसरीकडे जायची वेळ निघून गेलेली असते.

उगाचच
मेव्हण्यांना घाला मेटलर्जीला. त्यांचीही इच्छा पूर्ण होईल.

बोटक्लब
मी सीओईपीचाच, तेव्हा पक्षपात गृहीत धरा. १८५४ पासूनचं कॉलेज आहे, आता तर स्वतंत्र विद्यापीठ झालंय. तिथं चार वर्षं राहिलेल्या पोराला काय मिळतं ते कटऑफच्या यादीत दिसत नाही. वसतिगृहात शेजारच्या खोलीत राज्यभरातून निवडून आलेली मुलं असतात. रात्री दोनला एखादं गणित अडलं तर मजल्यावर कुणाला तरी ते येतंच. आमच्या बॅचचे मेटलर्जी, सिव्हिलमधले कितीतरी जण आज सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सरकारी फी, त्यात ईबीसीची, म्हणजे निम्म्या ट्यूशन फीची, सवलत, शिवाय वसतिगृह बाहेरच्या खोलीपेक्षा कितीतरी स्वस्त. माझ्या मते अ हा स्वस्तातला आणि नावाचा, दोन्ही.

पहिल्या वर्षानंतर शाखा बदलायची सोयही असते.

शून्य_एक
@बोटक्लब, शाखाबदलाचं आमिष नका दाखवू राव. जागा रिकामी असेल तेवढीच मिळते, आणि कॉम्प्युटरची जागा सोडून कोण जातं? वर्गात पहिल्या एक-दोनात येणार असलात तरच त्या भरवशावर राहा.

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत भरतीच्या मुलाखती घेतो, म्हणून पलीकडच्या टेबलावरून सांगतो. कॉलेजच्या नावाचा उपयोग एकाच ठिकाणी होतो: कंपनी कुठल्या कॅम्पसला जायचं ठरवते तिथं. आम्ही सगळीकडे जाऊ शकत नाही. पाच-सहा कॉलेजं ठरलेली असतात. त्या यादीत तुमचं कॉलेज असलं तर पोरगं परीक्षेला बसतं, नसलं तर त्याला बाहेरून अर्ज करावा लागतो आणि हजारोंच्या ढिगात आपला अर्ज कुणाच्या नजरेला पडायची वाट बघावी लागते. एकदा मुलाखतीच्या खोलीत आलं की मात्र मी डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस विचारतो. तिथं सीओईपी असो की बुलढाणा, उत्तर येतंय की नाही एवढंच.

आणि सगळ्याच कंपन्या सगळ्या शाखांना बसू देतात असं नाही. काहींना फक्त कॉम्प्युटर-आयटी हवं असतं, काही ईएनटीसीपर्यंत (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) थांबतात. मेटलर्जीच्या मुलाला चार वर्षं अभ्यासाला धातूंचे फेज डायग्राम आणि नोकरीसाठी लीटकोडवर कोडिंगचा सराव असा दुहेरी संसार करावा लागतो. करणारे करतात. पण ज्याला पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटरच हवंय त्याला कशाला या वाटेनं पाठवायचं?

बोटक्लब
दुहेरी संसार आम्हीही केला. काही बिघडलं नाही.

शून्य_एक
तुमचा टिकला. ज्यांचा मोडला ते असं लिहायला येत नाहीत.

हिशेबनीस
बार्शीकर, तुमच्या साडेपाच लाखांत घोळ आहे. शांतपणे मांडून बघू.

ब ची ट्यूशन १ लाख ४०. तुमचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू, जिला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. त्यात ट्यूशन फीचे ५० टक्के सरकार देतं. डेव्हलपमेंट फीला हात लावत नाही. म्हणजे तुमच्या खिशातून ७० अधिक २०, वर्षाला ९० हजार. क ला २० हजार. फरक वर्षाला ७० हजार, चार वर्षांचे २ लाख ८० हजार. साडेपाच नाहीत, निम्मेच.

दुसरं, राहणं-खाणं. पुण्यात खोली आणि मेस मिळून महिन्याला दहा-अकरा हजार धरा, वर्षातले दहा महिने. लाखभर झाले. हा खर्च ब ला जेवढा तेवढाच क ला. चार वर्षांचे चार लाख, आणि याची चर्चा घरात कुणीच करत नाही कारण तो फीच्या पावतीवर नसतो. मुलाला कॉलेजचं वसतिगृह मिळालं तर इथं जेवढे वाचतील तेवढे फीच्या घासाघिशीत वाचणार नाहीत.

ड चं सांगतो. सवलत टिकली तर ८ लाख. पहिल्या वर्षानंतर गेली तर २ अधिक १२, म्हणजे १४ लाख. आणि त्यावर ईबीसी नाही. 'स्कॉलरशिप' हा शब्द ऐकून भुलू नका. ब ची बिनसवलतीची फी ड च्या सवलतीच्या फीपेक्षा कमी आहे.

उगाचच
आधी दुप्पट किंमत लिहायची आणि मग निम्मी खोडायची. लक्ष्मी रोडवर साडी घेताना सगळ्यांना कळतं, कॉलेज घेताना नाही कळत.

भीमाकाठ
हिशेबनीस यांच्या मांडणीत एक जोडतो. टीएफडब्ल्यूएसचा पैसा कुणाकडून यायचा नसतो, कॉलेज ती फी आकारतच नाही. ईबीसीचं तसं नाही. दर वर्षी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, कॉलेजची मंजुरी, मग हप्ते विद्यार्थ्याच्या आधारला जोडलेल्या खात्यात. मिळतात, पण वेळेवर मिळतील असं धरून चालू नका. आमच्या मुलीचा दुसरा हप्ता पुढचं वर्ष सुरू झाल्यावर आला. तोवर कॉलेजच्या कारकुनाचं तोंड बघावं लागतं. तेवढे पैसे हातात राखून ठेवा.

आणि हो, हजेरीची अटही असते. बँकेतलं खातं आधारला जोडलंय का हे आत्ताच तपासा. अर्ध्या तक्रारी तिथल्याच असतात.

पाचवी_गल्ली
मी स्वतः टीएफडब्ल्यूएसमधून शिकतोय, तिसऱ्या वर्षाला, मध्यम म्हणावं असंच कॉलेज. दोन-तीन गोष्टी.

वर्गात कुणाला कळत नाही कोण कुठल्या सीटवर आलंय. घरचे उगाच काळजी करतात. उलट टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ साध्या सीटपेक्षा वर असतो, त्यामुळे शिक्षक मनातल्या मनात ओळखतात की हा मागच्या बाकावरचा नव्हे.

वाईट भाग म्हणजे वातावरण. वर्गात ज्यांना खरोखर कोडिंग करायचंय अशी दहा-पंधरा मुलं. बाकीची परीक्षेच्या आदल्या रात्री जागी होतात. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांचं काम एकानं करायचं आणि तो एक मीच. सिनिअर्सपैकी बाहेर चांगल्या ठिकाणी गेलेले मोजके, त्यामुळे रेफरल मागायला माणूस नाही. कॅम्पसला मोठ्या भरतीच्या कंपन्या येतात, पॅकेज ३.३६ ते ४ लाखांच्या आसपास. त्यावरचं हवं असेल तर आपलं आपण शोधायचं. मी ओपन सोर्सवर काम करून एका स्टार्टअपमध्ये इंटर्नशिप मिळवली. कॉलेजनं त्यात मदत केली नाही, अडवलंही नाही.

चांगला भाग म्हणजे डोक्यावर कर्ज नाही. सुट्टीत पैसे मिळवायला क्लासवर शिकवायला जावं लागत नाही, तो वेळ शिकण्यात जातो. मित्राचं कर्ज आहे, तो पहिली मिळेल ती नोकरी धरणार. मी थांबू शकतो.

एक नियम मात्र लक्षात ठेवा: टीएफडब्ल्यूएसमधून आलात की नंतर शाखा किंवा कॉलेज बदलून मिळत नाही.

शून्य_एक
@पाचवी_गल्ली, 'मी थांबू शकतो' हे पटलं. मुलाखतीत दिसतं ते. कर्जवाला उमेदवार पहिल्याच आकड्याला हो म्हणतो.

भरडधान्य
मेस महिना चार हजारांत मिळते का हो पुण्यात अजून? आमच्या वेळी सदाशिव पेठेत...

तळजाई
तुमच्या वेळचं सोडा. आता पोळ्या मोजून देतात आणि भात मागितला की बघतात.

निवृत्त_मास्तर
जरा मागचं सांगतो, विषय सुटला तर माफ करा. १९८३ ला वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी महाराष्ट्रातली मुलं कर्नाटकात देणगी भरून शिकायला जायची. मग कॉलेजं इथं आली आणि देणगीही इथं आली. १९९३ ला सर्वोच्च न्यायालयानं उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' असं सूत्र घालून दिलं. पेमेंटवाल्यांच्या जोरावर फ्रीवाले शिकायचे. २००२ ला टीएमए पै खटल्यात ते सूत्र गेलं. त्यानंतरची ही फी ठरवणारी प्राधिकरणं आणि परतफेडीच्या योजना.

हे सांगायचं कारण असं. त्या काळी माझ्या वर्गातला एक अतिशय हुशार मुलगा पेमेंट सीटचे पैसे नाहीत म्हणून बीएस्सीला गेला. आज टीएफडब्ल्यूएसला लोक नाकं मुरडतात तेव्हा मला तो आठवतो. गुणवत्तेवर तुमची ट्यूशन फी माफ होतेय, ही दुय्यम सीट नव्हे.

बोटक्लब
मास्तर, नाक कुणीच मुरडलेलं नाही. प्रश्न कॉलेजचा आहे, सीटचा नाही.

इंडियानाची_काकू
इथं अमेरिकेतही गेल्या वर्षी आमच्या घरी हेच नाट्य झालं, म्हणून लिहिते. मुलीला कॉम्प्युटर सायन्स करायचं होतं. एका फार मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठाचं पत्र आलं, आणि आमच्याच राज्यातल्या पर्ड्यू या सरकारी विद्यापीठाचं. इंडियानाच्या रहिवाशांना पर्ड्यूची ट्यूशन फी वर्षाला ९,९९२ डॉलर आहे, २०१३ पासून त्यांनी ती वाढवलेलीच नाही. बाहेरच्या राज्यातल्यांना २८,७९४. खासगी ठिकाणी ट्यूशनच साठ हजारांच्या वर.

खासगीवाल्यांनी 'एड पॅकेज' पाठवलं. वरवर बघता मोठी मदत. नवऱ्यानं पेन घेऊन ओळ न् ओळ वेगळी केली तर त्यात अनुदान थोडं, बाकी विद्यार्थी कर्ज आणि कॅम्पसवर काम करून मिळवायचे पैसे. कर्जालाही 'मदत' म्हणून बेरजेत धरलेलं! बार्शीकरांचा ड वाचून तेच पत्र डोळ्यांपुढे आलं.

दुसरी गोष्ट @बोटक्लब यांच्यासाठी. इकडे बऱ्याच सरकारी विद्यापीठांत विद्यापीठात प्रवेश मिळणं वेगळं आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये मिळणं वेगळं. दुसऱ्या विषयात शिरून मग बदलून घेऊ म्हणणारी मुलं दोन वर्षांनी दारातच उभी असतात. मुलीला थेट सीएसमध्ये मिळालं होतं म्हणून पर्ड्यू घेतलं. नाहीतर विचार केला असता.

कोरेगाव_पार्क_नव्हे_कोरेगाव
काकू, भारतातून तिकडे बीएस करायला पूर्ण शिष्यवृत्ती मिळते म्हणतात, खरं का?

इंडियानाची_काकू
एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल अशी मोजकी ठिकाणं परदेशी विद्यार्थ्यांचाही प्रवेश ठरवताना ऐपत बघत नाहीत आणि मग गरजेइतकी मदत देतात. पण तिथं शिरणंच महाकठीण. बाकी सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांना फारसं काही मिळत नाही. जर्मनीत सरकारी शिक्षण फुकट म्हणतात, पण म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्यांना फी लावलीय.

उगाचच
बार्शी ते पर्ड्यू, व्हाया म्युनिक. धागा योग्य मार्गावर आहे.

फर्मागुडी
गोव्यातून. आमच्याकडे सरकारच्या शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, त्यामुळे ही अर्धी चर्चा आमच्या घरात होत नाही. फर्मागुडीचं सरकारी कॉलेज मिळालं की लोक तिथंच जातात. बिट्स पिलानी या खासगी संस्थेचं कॅम्पस झुआरीनगरला डोळ्यांसमोर आहे, पण फी ऐकून डोळे मिटावे लागतात. तिथं गुणवत्ता आणि गरज बघून फीत सवलत देतात म्हणे, तरी उरलेली रक्कमही आमच्यासारख्यांना लाखांतच पडते. महाराष्ट्रात बिनव्याजी नसलं तरी केंद्राची नवी कर्जयोजना आलीय ना?

हिशेबनीस
@फर्मागुडी, आहे. पंतप्रधान विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. निवडक गुणवत्ताधारक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश असेल तर तारण नाही, जामीनदार नाही. मॅनेजमेंट कोट्याला नाही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असतानाच्या व्याजात ३ टक्के सवलत. पण बारीक अक्षर वाचा: दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ मिळत असेल तर ही सवलत नाही. ईबीसी घेणाऱ्यानं ती मिळेल असं धरून हिशेब करू नये. आधी बँकेत विचारा, ब कॉलेज त्या यादीत आहे का तेही बघा.

कर्ज घ्यायचंच झालं तर आकडा किती फुगतो बघा. वर्षाला दीड लाख असे चार वर्षांत ६ लाख उचलले, व्याज साडेनऊ टक्के, आणि शिक्षण संपून एक वर्षापर्यंत काहीच भरलं नाही. साध्या व्याजानंही जवळजवळ २ लाख चढतात. मग ८ लाखांचा हप्ता, पाच वर्षं, महिना साधारण १६,८००. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर तोच हप्ता १२,६०० वर येतो. ३.३६ च्या पॅकेजवर हातात महिना पंचवीस हजारांच्या आतबाहेर पडतात. त्यातून सोळा हजार आठशे गेले तर पोरगं पुण्यात खाणार काय?

म्हणून ब साठी कर्ज काढायला हरकत नाही, पण थोडकं. ड साठी अजिबात नाही.

सासवडची_सून
माझी मुलगी गेल्या वर्षी लागली. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, कॅपमधून प्रवेश असेल तर, ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. त्यामुळे आम्ही फीचा विचारच न करता सगळ्यात चांगलं मिळेल ते घेतलं. बार्शीकर, तुमची धाकटी दहावीत आहे ना? तीन वर्षांनी हीच योजना राहिली तर तिच्या फीचं ओझं फारसं नसेल. सगळे पैसे तिच्यासाठी अडवून मुलाला क मध्ये ढकलू नका. फक्त डेव्हलपमेंट फी आणि वसतिगृह आपलंच असतं हे ध्यानात ठेवा.

भीमाकाठ
आणि सरकारी योजना तीन वर्षांनी तशीच असेल यावर घर गहाण ठेवू नका. :)

सेतूवाला
इतक्या उत्तरांत मूळ गोष्ट कुणीच बोललं नाही. बार्शीकर, तुमच्या हातात अजून एकही सीट नाही. तुम्हाला निवड करायची नाहीये, क्रम लावायचाय. दोन्हीत फरक आहे.

टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो. ब कॉलेजचाही टीएफडब्ल्यूएस कोड असणारच. तो अगदी वर टाका. गेल्या वर्षीच्या कटऑफवरून मिळणार नाही असं दिसलं तरी टाका. नाही मिळाला तर यंत्रणा खालच्या पर्यायावर येते, तुमचं काही जात नाही. लोक 'मिळणार नाही' म्हणून लिहीतच नाहीत आणि मग त्यांच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलवाल्याला तिथं मिळालेलं बघून हळहळतात. तसंच ब च्या तोडीची आणखी पाच-सात कॉलेजं असतील, त्यांचे दोन्ही कोड. सांगलीचं वालचंद आहे, १९४७ पासूनचं. तिथं राहणं-खाणं पुण्याच्या मानानं बरंच स्वस्त. आणि अवघड असलं तरी मुंबईचं व्हीजेटीआय वर लिहायला पैसे पडत नाहीत.

मात्र पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीज होतो, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या नंबरवर तेच लिहा जे खरोखर पहिलं हवंय. कुणाच्या मेव्हण्याला हवंय ते नाही.

कागद: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ३१ मार्चपर्यंत वैध असलेला. जुना चालत नाही. अधिवास दाखला. उत्पन्नाचा दाखला नसेल तर टीएफडब्ल्यूएसचा हक्कच जातो, आणि या दिवसांत सेतूत रांग किती असते ते मी रोज बघतो.

तळजाई
+१. ही पोस्ट धाग्याच्या वर चिकटवा कुणीतरी.

शून्य_एक
सेतूवाले बरोबर. क्रम लावताना ब आणि क चं नाव ऐकून ठरवू नका, दोन्हीकडे जाऊन एकच कागद मागा: गेल्या वर्षीची कॉम्प्युटर शाखेची प्लेसमेंट. सरासरी पॅकेज विचारू नका. एकाला पन्नास लाख मिळाले की सरासरी उड्या मारते. मधला आकडा विचारा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्या वर मिळालं तो, आणि किती मुलांना ते विचारा, किती ऑफर ते नाही. एका मुलाच्या चार ऑफर चारदा मोजणारी कॉलेजं आहेत.

आणखी एक. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईनं २०२४ पासून शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा उठवली. त्यानंतर काही कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय, डेटा सायन्स वगैरेंच्या तुकड्या भराभर वाढवल्यात. गेल्या वर्षीची प्लेसमेंट २४० मुलांची होती आणि तुमचा मुलगा बाहेर पडेल तेव्हा ६०० असतील, तर तो कागद तेवढाच वाचायचा. कंपन्या जागा वाढवत नाहीत. नाव असलेल्या कॉलेजातही हे झालंय, म्हणून मला नावाचं कौतुक पूर्वीइतकं राहिलेलं नाही.

पाचवी_गल्ली
आमच्याकडे मी आलो तेव्हा दोन तुकड्या होत्या, आता पाच. लॅब तेवढ्याच.

बोटक्लब
बरं, या मुद्द्यावर मी एक पायरी खाली येतो. मुलाला कॉम्प्युटरच हवं असेल तर मेटलर्जी तिसरी-चौथी ठेवा, पण यादीतून काढू नका. ब नाही मिळालं आणि टीएफडब्ल्यूएसही हुकलं तर पूर्ण फीच्या कुठल्याशा नव्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा सीओईपीतली कुठलीही शाखा बरी, हे मी अजूनही म्हणेन.

शून्य_एक
यावर मात्र भांडण नाही.

भरडधान्य
दोघांचं एकमत झालं. धागा बंद करा आता.

बार्शीकर
सगळ्यांचे आभार. आज मुलाला घेऊन पुण्याला जाऊन आलो. ड वाल्यांना फोनवर विचारलं, सूट चारही वर्षं लेखी देता का? 'सर, ते परफॉर्मन्सवर आहे' म्हणाले. विषय संपला.

क मध्ये प्लेसमेंटच्या साहेबांनी मधला आकडा काढून दिला, तीन लाख साठ. चांगलं बोलले, लपवलं नाही. ब मध्ये साडेसात म्हणाले, पण किती मुलांचा विचारल्यावर 'वेबसाइटवर आहे' एवढंच. वेबसाइटवर नाही. कॅन्टीनमध्ये चौथ्या वर्षाची दोन मुलं भेटली, त्यांनी सांगितलं की जवळपास सत्तर टक्के मुलं लागली, बाकीची अजून परीक्षा देतायत. तुकड्या मात्र वाढवलेल्या नाहीत अजून.

मुलगा परतीच्या एसटीत म्हणाला, बाबा ब मिळालं तर मी पहिल्या वर्षापासून वसतिगृहासाठी प्रयत्न करतो, खोलीचे पैसे वाचले की फीतला फरक बराचसा निघतो. हिशेबनीस, तुमची पोस्ट त्यानं वाचलेली दिसतेय.

क्रम असा लावतोय: ब आणि त्याच्या तोडीच्या कॉलेजांचे टीएफडब्ल्यूएस कोड, मग वालचंद, मग ब साधी सीट, मग क टीएफडब्ल्यूएस, मग सीओईपी मेटलर्जी. वालचंद ब च्या वर कसं, असं मेव्हणे विचारतायत. तिथं पूर्ण खर्च कमी आणि जुनं कॉलेज, म्हणून. बरोबर आहे का?

सेतूवाला
बरोबर. वालचंदला ब च्या वर ठेवायचं की खाली हे मुलाला ठरवू द्या, तिथं चार वर्षं त्याला राहायचंय. आणि फॉर्म भरून झाला की कन्फर्म करायला विसरू नका. नुसता सेव्ह केलेला फॉर्म यंत्रणा धरत नाही.

कोरेगाव_पार्क_नव्हे_कोरेगाव
सेतूवाले, उत्पन्नाच्या दाखल्याला आमच्याकडे तलाठी अजून पंचनामा मागतात. शेती आणि दुकान दोन्ही असलं तर उत्पन्न एकत्र धरतात का?

सेतूवाला
हो, कुटुंबाचं सगळ्या मार्गांनी मिळणारं एकत्र. दुकानाचं रिटर्न भरत असाल तर त्याची प्रतही सोबत न्या, तलाठ्याचं काम सोपं होतं.